पडद्यावरची गाठ

१९६२ साली अमेरिकेत 'गाइडिंग लाइट' नावाची एक दुपारची मालिका जोरात चालू होती. तिची लेखिका ॲग्नेस निक्सन हिनं ठरवलं की आपल्या एका नायिकेला गर्भाशयाचा कॅन्सर होतो आणि तो पॅप स्मिअर तपासणीत वेळेवर सापडतो, असं कथानक लिहायचं. तिची एक मैत्रीण याच प्रकारच्या आजारानं गेली होती. मालिकेची प्रायोजक होती प्रॉक्टर अँड गॅम्बल, म्हणजे साबण विकणारी कंपनी, आणि वाहिनी होती सीबीएस. दोघांनी होकार दिला, पण अट घातली. 'कॅन्सर' म्हणायचं नाही, 'गर्भाशय' म्हणायचं नाही आणि गर्भाशय काढण्याच्या ऑपरेशनचं नावही घ्यायचं नाही. निक्सननं तिन्ही शब्द टाळून गोष्ट पुरी केली. दुपारची भांडी आवरून टीव्हीसमोर बसलेल्या बायकांना अर्थ लावायला फारसा त्रास झाला नसावा. न बोललेलं समजून घेण्याचा सराव बायकांना असतोच.

स्तनाच्या कॅन्सरला पडद्यावर यायला आणखी अकरा वर्षं लागली, आणि तो आला तोही विनोदी मालिकेत. 'ऑल इन द फॅमिली' ही अमेरिकेत तेव्हा सर्वाधिक पाहिली जाणारी मालिका. डिसेंबर १९७३ मध्ये, ऐन नाताळात, तिच्यातल्या एडिथला स्तनात गाठ लागते. भोळी, बडबडी, तिरसट नवऱ्याला सांभाळून घेणारी ही गृहिणी. कॅन्सरपेक्षा तिला भीती वाटते ती नवऱ्याला आपण नंतर आवडू का, याची. तेव्हा शेजारीण आयरीन तिला सांगते की माझा एक स्तन काढलेला आहे, आणि इतके दिवस तुझ्या ते लक्षातही आलं नाही. शेवटी एडिथची गाठ साधी निघते आणि त्या आनंदात उडी मारताना बाईसाहेब पायाचा घोटा दुखावून घेतात. विनोदी मालिकेत हे असंच व्हायचं. पण खरी बातमी एडिथची नव्हतीच, ती आयरीनची होती. ऑपरेशन होऊन गेलेली, शेजारी राहणारी, कामाला जाणारी, हसणारी बाई. अशी बाई पडद्यावर सहसा दिसत नसे आणि तिच्या वाट्याला जेमतेम काही मिनिटं आली.

पुढच्या वर्षी हा विषय थेट व्हाइट हाउसमध्ये पोचला. जेराल्ड फोर्ड राष्ट्राध्यक्ष होऊन दोन महिनेही झाले नव्हते, तोच २८ सप्टेंबर १९७४ रोजी त्यांच्या पत्नी बेटी फोर्ड यांचा एक स्तन शस्त्रक्रियेनं काढला गेला. त्यांनी ही गोष्ट लपवली नाही. तीनच आठवड्यांत उपाध्यक्षपदासाठी नाव पुढे आलेले नेल्सन रॉकफेलर यांच्या पत्नीवरही तीच वेळ आली. देशभर बायका तपासणीसाठी रांगा लावू लागल्या. त्या वर्षीच्या आकडेवारीत नव्या रुग्णांची संख्या एकदम वर उसळलेली दिसते. आजार वाढला नव्हता, शोध वाढला होता.

या रांगांची बातमी देणाऱ्यांमध्ये एनबीसी वाहिनीची बेटी रॉलिन ही वार्ताहर होती. आधी 'व्होग' आणि 'लुक' या मासिकांत काम केलेली, न्यूयॉर्कची, चांगल्या कपड्यांची आवड असलेली, तिखट लिहिणारी. गंमत म्हणा किंवा दैवाची खोड म्हणा, ती बातमी करत होती तेव्हा तिच्या स्वतःच्या छातीत गाठ होती. ती तिनं डॉक्टरांना दाखवली होती, मॅमोग्राफीही झाली होती, आणि काळजीचं कारण नाही असं सांगून तिला घरी पाठवलं होतं. वर्षभरानं, १९७५ मध्ये, ती गाठ कॅन्सरची निघाली.

तिनं त्यावर लिहिलेलं पुस्तक १९७६ मध्ये आलं, 'फर्स्ट, यू क्राय'. म्हणजे आधी रडायचं, बाकीचं नंतर. ८ नोव्हेंबर १९७८ रोजी सीबीएसनं त्याच नावाची टेलिफिल्म दाखवली. रॉलिनच्या भूमिकेत होती मेरी टायलर मूर. ही निवड हुशारीची होती. त्याआधी सात वर्षं तिनं आपल्याच नावाच्या विनोदी मालिकेत टीव्हीच्या बातमी विभागात काम करणाऱ्या अविवाहित बाईची भूमिका केली होती आणि अमेरिकेतल्या घराघरांत ती लाडकी झाली होती. टीव्हीवरची सगळ्यांच्या ओळखीची, हसतमुख बातमीवाली आता तशाच, पण खऱ्या बातमीवालीच्या भूमिकेत कॅन्सर घेऊन समोर आली. नवऱ्याच्या भूमिकेत 'सायको'मधला अँथनी पर्किन्स होता. या नवऱ्याबरोबरचं रॉलिनचं लग्न पुढे टिकलं नाही, आणि पुस्तकात तिनं स्वतःच्या बाहेरच्या प्रेमप्रकरणाबद्दलही लिहिलं आहे. सोशिक, पवित्र रुग्ण होण्याची तिला मुळीच हौस नव्हती.

म्हणूनच मला हे पुस्तक आणि त्यावरची टेलिफिल्म महत्त्वाची वाटते. रॉलिन जगणं-मरणं या मोठ्या शब्दांत अडकत नाही. कपडे कसे बसतील, आरशात काय दिसेल, ब्लाउजच्या आत काय भरायचं, हे प्रश्न तिला छळतात आणि ती ते लाज न बाळगता मांडते. कॅन्सरसारखा आजार झालेल्या बाईनं दिसण्याचा विचार करावा म्हणजे उथळपणा, असं तेव्हाही लोकांना वाटे, आजही वाटतं. पण काढलेल्या स्तनाच्या जागी वजनाचा समतोल राहिला नाही तर खांदा एका बाजूला झुकतो, मान आणि पाठ दुखते. कृत्रिम स्तन ही चैनीची वस्तू नसते. मुंबईत आज काही स्वयंसेवी महिला धाग्यानं विणलेले हलके कृत्रिम स्तन रुग्णांना मोफत देतात, आणि ते घालून लोकलमध्ये चढणाऱ्या बाईला त्यामागची तत्त्वं कुणी समजावून सांगावी लागत नाहीत.

टेलिफिल्म आली तेव्हाचं वैद्यकही समजून घ्यायला हवं. अमेरिकन सर्जन विल्यम हॉल्स्टेड यानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केलेली शस्त्रक्रिया तोवर प्रमाण मानली जात असे. तीत स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसिका ग्रंथी, सगळं एकत्र काढत. छाती खोलगट होई, हात सुजे. कल्पना अशी होती की कॅन्सर मुळांसारखा शेजारीपाजारी पसरत जातो, तेव्हा जितकं जास्त कापाल तितकं बरं. शिवाय रीत अशी की बाईला भूल द्यायची, गाठीचा तुकडा तिथल्या तिथे गोठवून तपासायचा आणि कॅन्सर दिसला तर त्याच भुलीत स्तन काढून टाकायचा. बाई ऑपरेशनला जाताना तिला माहीत नसे की शुद्धीवर येऊ तेव्हा छातीवर काय उरलेलं असेल. रोझ कुशनर या पत्रकार बाईनं १९७४ मध्ये ही पद्धत स्वतःच्या बाबतीत नाकारली, आधी फक्त तपासणी करा म्हणून हट्ट धरला आणि मग त्यासाठी चळवळच उभी केली. १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेनं तिची बाजू उचलून धरली. दरम्यान बर्नार्ड फिशर हा पिट्सबर्गचा सर्जन गाठ काढून रेडिएशन देणं आणि पूर्ण स्तन काढणं यांची तुलना करणाऱ्या चाचणीसाठी स्त्रिया जमवत होता. मेरी टायलर मूर पडद्यावर रडत होती तेव्हा ही चाचणी चालूच होती. तिचे निष्कर्ष १९८५ मध्ये आले. दोन्ही गटांतल्या स्त्रिया सारख्याच जगल्या. शंभर वर्षांची कापाकापी त्यानंतर हळूहळू मागे पडली.

रॉलिनला १९८४ मध्ये दुसऱ्या स्तनात कॅन्सर झाला, तोही काढला. त्याआधीच तिनं हॅरॉल्ड एडवर्ड्स या गणितज्ञाशी लग्न केलं होतं. पहिल्या ऑपरेशननंतर ती ४८ वर्षं जगली आणि २०२३ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, स्वित्झर्लंडमध्ये स्वेच्छेनं मरण पत्करून गेली.

रॉलिनवरची टेलिफिल्म आली त्याच १९७८ साली आपल्याकडे 'अखियों के झरोखों से' हा चित्रपट आला. त्यातली नायिका ल्युकेमियानं जाते. त्याआधी 'सफर' येऊन गेला होता, 'आनंद' येऊन गेला होता. हिंदी पडद्याला कॅन्सरचं वावडं कधीच नव्हतं, उलट प्रेमच होतं, पण तो रक्तातला किंवा पोटात कुठेतरी दडलेला हवा. नायिका फिकट पडते, खोकते, उशाशी फुलं असतात, चेहरा शेवटपर्यंत सुंदर राहतो. रक्ताला अवयव नसतो, म्हणून कुणाला काही दाखवावं लागत नाही. स्तनाचं तसं नाही. तिथे डॉक्टरनं हात लावायचा असतो, नवऱ्यानं पाहायचं असतं, मुलाला सांगायचं असतं.

अमेरिकन टीव्हीकडे परत जाऊ, कारण तिथे एक विचित्र योगायोग दिसतो. १९९७ मध्ये 'मर्फी ब्राउन' या मालिकेच्या शेवटच्या पर्वात नायिकेला स्तनाचा कॅन्सर होतो. ही मर्फी कोण? टीव्हीवरची नामांकित वृत्तनिवेदिका. २००६ मध्ये 'व्हाय आय वोअर लिपस्टिक टू माय मॅस्टेक्टमी' ही टेलिफिल्म आली. तीही सत्यकथा, आणि तिची नायिका जेरालिन लुकास एबीसी वाहिनीच्या '२०/२०' या वृत्तकार्यक्रमात काम करणारी विशीतली मुलगी. रॉलिन, मर्फी, लुकास, तिघीही टीव्हीच्या बातमी विभागातल्या. याचा एक अर्थ सरळ आहे, लेखक आपल्याला माहीत असलेल्या जगाबद्दल लिहितात. दुसरा थोडा बोचरा आहे. या बायकांकडे विमा असतो, शहरातला उत्तम सर्जन फोनवर मिळतो, सहकारी फुलं घेऊन येतात, आणि आजारातून उठल्यावर स्वतःची गोष्ट सांगायला माईक हाताशी असतो. रात्रपाळीत कामाला जाणाऱ्या, केमोच्या दिवशी रजा मागताना घाबरणाऱ्या बाईला यातलं काहीच नसतं. तिच्यावर टेलिफिल्म निघत नाही.

मर्फीचं पर्व मात्र धीट होतं. केमोमुळे तिला उलट्या थांबेनात, तेव्हा तिच्या कार्यक्रमातला सगळ्यात सरळमार्गी, टाय नीट बांधणारा ज्येष्ठ सहकारी जिम डायल तिच्यासाठी गांजा मिळवून आणतो. अमली पदार्थविरोधी खात्याच्या प्रमुखानं या भागावर जाहीर टीका केली. त्याच्या आदल्याच वर्षी कॅलिफोर्नियात जनमतानं औषधी गांजाला परवानगी मिळाली होती, त्यामुळे विषय तापलेला होता. वैद्यकीय बाजू अशी की केमोची औषधं आतड्यातल्या पेशींना डिवचतात, तिथून सेरोटोनिन सुटतं आणि मेंदूतलं उलटीचं केंद्र चाळवतं. ते रोखणारं ऑनडॅनसेट्रॉन १९९१ पासून अमेरिकेत उपलब्ध होतं, आणि गांजातल्या मुख्य घटकाचं कृत्रिम रूप तर १९८५ मध्येच याच कारणासाठी मंजूर झालेलं होतं. म्हणजे मर्फीला कायदेशीर कॅप्सूल मिळू शकली असती. पण जिम डायलनं कॅप्सूल आणण्यात विनोद काय राहिला असता?

कॅमेऱ्याला या आजारातलं एक चिन्ह फार आवडतं, ते म्हणजे गेलेले केस. केमोची औषधं वेगानं विभागणाऱ्या पेशींवर तुटून पडतात. गाठीच्या पेशी तशा असतात, पण केसांच्या मुळांशी असलेल्या पेशीही तशाच, म्हणून केस जातात आणि उपचार संपल्यावर परत येतात. २००४ मध्ये 'सेक्स अँड द सिटी'मधली समंथा भर सभेत भाषण देताना घामाघूम होते आणि डोक्यावरचा विग काढून टाकते, मग समोर बसलेल्या बायकाही आपापले विग काढून उभ्या राहतात. प्रसंग भाबडा आहे, तरी त्यात घाम अगदी खरा आहे. केमोनं बीजकोशांचं काम थंडावतं आणि पन्नाशीतल्या बाईला जे सावकाश व्हायचं ते आठवड्यांत होतं. रात्री गाऊन भिजतो, पंखा हवा की नको यावरून घरात भांडणं होतात. आपल्याकडे हिना खाननं, म्हणजे 'ये रिश्ता क्या कहलाता है'मधल्या अक्षरानं, २०२४ मध्ये तिसऱ्या टप्प्यातल्या स्तनाच्या कॅन्सरची बातमी स्वतः जाहीर केली आणि केस कापतानाचा व्हिडिओही टाकला. शेजारी रडणारी आई होती. कोट्यवधी लोकांनी तो पाहिला. मालिकेतल्या सुनेनं जे कधी दाखवलं नसतं, ते तिची भूमिका करणाऱ्या नटीनं फोनवरून दाखवलं.

पण सगळ्यांचे केस जात नाहीत. स्तनाच्या कॅन्सरमधल्या बहुतांश गाठी इस्ट्रोजेन या संप्रेरकावर पोसलेल्या असतात. अशा पुष्कळ स्त्रियांचा मुख्य उपचार म्हणजे रोजची एक गोळी, पाच वर्षं, कधी दहा. त्यातलं सगळ्यात जुनं औषध टॅमॉक्सिफेन. गाठीच्या पेशीवर इस्ट्रोजेनची जी जागा असते ती हे औषध अडवून बसतं. पाळी गेलेल्या स्त्रियांना दुसऱ्या गटातली औषधं देतात, ती शरीरात इस्ट्रोजेन तयारच होऊ देत नाहीत. त्यांनी सांधे धरतात. सकाळी उठून मूठ वळत नाही, जिना उतरताना कठडा लागतो. अनेक जणी याच कारणानं गोळ्या मधेच सोडतात आणि डॉक्टरांना सांगत नाहीत. आता हे पडद्यावर कसं दाखवायचं? बाई धडधाकट दिसते, केस दाट आहेत, कुणी विचारलंच तर "बरी आहे" म्हणते, आणि पोळ्या लाटताना बोटं दुखतात म्हणून कणीक मळायला मुलीला सांगते.

हाताचंही तसंच. काखेतल्या लसिका ग्रंथी काढल्या की हातातला द्रव वर वाहून जायची वाट अरुंद होते आणि काही जणींचा हात सुजतो, कधी ऑपरेशननंतर लगेच, कधी वर्षांनी. त्या हातावर रक्तदाब घेऊ नका, सुई टोचू नका, ओझं उचलू नका, असं तिला सांगितलेलं असतं. १९९० च्या दशकात एक युक्ती निघाली. गाठीजवळ रंग किंवा किरणोत्सारी द्रव्य टोचून पहिली ग्रंथी शोधायची, ती स्वच्छ असेल तर बाकीच्यांना हात लावायचा नाही. त्यामुळे सुजेचं प्रमाण खूप कमी झालं. तरीही आपल्याकडे उशिरा येणाऱ्या रुग्ण पुष्कळ, त्यामुळे सूजही पुष्कळ. एका हातात बांगड्या आणि दुसरा मोकळा, अशी बाई लग्नकार्यात दिसली तर चारचौघी भलताच अर्थ काढतात. तिच्या त्या मनगटावरून बांगडी चढत नाही एवढंच कारण असतं.

तर पडद्यावर जे येतं त्यात शेवट दोनच. ती बरी होते किंवा ती मरते. दोन तासांच्या टेलिफिल्मला तिसरा शेवट परवडत नाही. २००८ मधली 'लिव्हिंग प्रूफ' ही टेलिफिल्म पाहा. लॉस एंजेलिसच्या डेनिस स्लॅमन या डॉक्टरनं हर्सेप्टिन औषधासाठी केलेली धडपड तिचा विषय आहे. काही गाठींमध्ये एचईआर-२ नावाचं जनुक वाजवीपेक्षा जास्त प्रतींमध्ये असतं आणि तशा गाठी वेगानं पसरतात, हे स्लॅमनच्या गटानं १९८७ मध्ये दाखवलं. त्यावरचं औषध १९९८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. मधल्या काळात औषध कंपनीचं मन डळमळत होतं आणि पैसा आला तो सौंदर्यप्रसाधनांच्या रेव्हलॉन कंपनीकडून. कथा थरारक आहे, पण तिचा नायक डॉक्टर आहे. चाचणीतल्या बायका येतात, हसतात, काही जातात, काही राहतात. राहिलेल्यांचं पुढे काय झालं ते श्रेयनामावली संपल्यावर घडतं.

हे जमतं ते लांबलचक मालिकांना, ज्यांना आपण नाकं मुरडतो. बीबीसीच्या 'ईस्टएंडर्स'मधली पेगी मिचेल लंडनच्या पूर्व भागातली एका पबची मालकीण, ठेंगणी, कर्कश आवाजाची, दोन दांडगट मुलांची आई. बार्बरा विंडसरनं तिला अजरामर केलं. १९९६ मध्ये पेगीला गाठ सापडते, ती काढतात. १९९९ मध्ये आजार उलटतो आणि स्तन काढावा लागतो, तेही तिच्या नव्या लग्नाच्या तोंडावर. मग काय? मग पेगी पब चालवते. गिऱ्हाइकांना हाकलते, मुलांना मुस्काटात देते, नवरा सोडून जातो, पुढचा येतो. वर्षानुवर्षं कॅन्सरचा शब्दही निघत नाही आणि प्रेक्षकाला मात्र ठाऊक असतं की या बाईला तो होऊन गेला आहे. २०१६ मध्ये तो पसरून परत येतो आणि पेगी स्वतःच्या हातानं आयुष्य संपवते. विंडसरनं स्वतःच निर्मात्यांना सुचवलं होतं की पेगीला मारून टाका, नाहीतर मला परत यायचा मोह होत राहील. तिला स्वतःला तोवर अल्झायमर्सचं निदान झालेलं होतं, ते जगाला नंतर कळलं.

सतरा वर्षांनी परत आलेला कॅन्सर म्हणजे पटकथाकारांचा ओढूनताणून आणलेला धक्का, असं वाटू शकेल. पण २०१७ मध्ये ८८ चाचण्यांतल्या सुमारे ६३ हजार स्त्रियांची एकत्रित माहिती प्रसिद्ध झाली. या सगळ्या जणींच्या गाठी इस्ट्रोजेनवर पोसलेल्या होत्या, सगळ्यांनी पाच वर्षं गोळ्या घेतल्या होत्या आणि पाचव्या वर्षी कुणालाच आजाराचं चिन्ह नव्हतं. पुढच्या पंधरा वर्षांत, गाठीचा मूळ आकार आणि काखेतला प्रसार यांनुसार, त्यांच्यातल्या साधारण १३ ते ४१ टक्के जणींमध्ये आजार शरीरात दुसरीकडे उगवला. पाच वर्षं झाली म्हणजे सुटलो, हा हिशेब दुसऱ्या काही कॅन्सरना लागू पडतो, इथे पडत नाही. पेगीच्या लेखकांनी हे आकडे पाहिले नव्हते. पेगीची गोष्ट वीस वर्षं चालली म्हणून तिला आजाराची खरी चाल सापडली.

मालिकांचा परिणाम होतो का? होतो, पण हवा तिथेच होईल असं नाही. ब्रिटनच्याच 'कोरोनेशन स्ट्रीट'मध्ये २००१ साली अल्मा नावाचं पात्र गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरनं गेलं. तिनं तपासण्या चुकवल्या होत्या. त्यानंतरच्या १९ आठवड्यांत वायव्य इंग्लंडमध्ये पॅप स्मिअरचं प्रमाण सुमारे २१ टक्क्यांनी वाढलं. मात्र धावत आलेल्यांत बऱ्याच जणींची तपासणी वेळेवर झालेलीच होती. ज्यांनी यायला हवं होतं त्यांतल्या थोड्याच आल्या.

मालिकांतला ठरलेला प्रसंग म्हणजे आंघोळ करताना नायिकेच्या हाताला गाठ लागते. त्यावरून दर महिन्याला स्वतः तपासा, असा सल्ला दिला जातो. शांघायच्या कापड गिरण्यांमधल्या २ लाख ६६ हजार स्त्रियांवर याचा मोठा अभ्यास झाला. निम्म्या जणींना तपासायला शिकवलं, दहाएक वर्षं पाठपुरावा केला, आणि मृत्यूंमध्ये फरक पडला नाही. साध्या गाठींच्या बायोप्सी तेवढ्या वाढल्या. याउलट मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयानं १९९८ मध्ये वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातानं तपासत. मॅमोग्राफीचं यंत्र नाही, वीज नाही, फक्त शिकवलेली बोटं. वीस वर्षांचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. गाठी लवकरच्या टप्प्यात सापडू लागल्या, आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्यांमध्ये मृत्यूंत घट दिसली नाही. म्हणून आपोआप लक्षात आलेली गाठ दुखत नाही म्हणून अंगावर काढू नये हे खरंच, पण मालिकेतल्या सासूबाईंच्या छातीला आरोग्यसेविकेनं हात लावण्याचा प्रसंग जास्त उपयोगी पडेल.

भारतात २०२२ मध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण आढळल्या आणि ९८ हजारांवर मृत्यू झाले, असा जागतिक कॅन्सर नोंदीचा अंदाज आहे. ज्या जगतात त्यांची गोष्ट परळ-दादरच्या आसपास रोज घडते. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत बाहेरगावचे कॅन्सर रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक उतरतात, तिथून टाटाला ये-जा करतात. हर्सेप्टिनची भारतीय आवृत्ती २०१३ मध्ये मंजूर झाली, किंमत उतरली. पसरलेल्या आजारात वर्षानुवर्षं तग धरायला मदत करणाऱ्या पाल्बोसायक्लिब या गोळीचं पेटंट २०२३ मध्ये संपलं, तीही स्वस्त झाली. आता अंगात कॅन्सर असूनही नोकरी करणाऱ्या, मुलांची लग्नं लावणाऱ्या, दर तीन महिन्यांनी स्कॅन करून घेणाऱ्या बायका ओळखीत सापडतात. आपल्या दैनंदिन मालिकांना अपघात, स्मृती जाणं, मेलेल्या माणसाचं परत येणं, सगळं चालतं. हर्सेप्टिनचा वर्षभराचा क्रम दर तीन आठवड्यांनी एक, असा १७-१८ डोसांचा असतो. वर्षाला तीनशे भाग काढणाऱ्या मालिकेत ते बसवायला जागेची काहीच अडचण नाही, फक्त नायिकेला एकविसाव्या दिवशी सकाळी लवकर उठून फाइल घेऊन रांगेत बसवावं लागेल, आणि रांगेत काही घडत नाही.